स्वदेशी दूरसंचार साधननिर्मितीचे धोरण आणि जुन्नर–आंबेगावचा अनुभव : एक चिकित्सा

सारांश

दूरसंचार साधने देशातच तयार व्हावीत यासाठी गेल्या दीड दशकात केंद्र शासनाने खरेदी आदेश, प्रोत्साहन योजना आणि नवा कायदा अशी तिहेरी रचना उभी केली. प्रस्तुत लेखात या रचनेची चिकित्सा पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांच्या अनुभवाच्या आधारे केली आहे. आर्वीचे उपग्रह भू-केंद्र आणि खोडदची रेडिओ दुर्बीण या दोन प्रकल्पांतून स्वदेशी क्षमता कशी घडते याचे जे निकष हाती लागतात, त्यांवर आजचे धोरण तपासले असता ते उत्पादनाची मोजणी करते, परंतु रचनाक्षमतेची जोपासना अपुरी करते, असे दिसून येते.

बीजसंज्ञा : स्वदेशी, दूरसंचार, स्थानिक मूल्यवर्धन, शासकीय खरेदी, आर्वी, खोडद, माळीण

प्रस्तावना

'स्वदेशी' हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तो कापड, साखर आणि काडेपेटी यांच्याशी जोडलेला होता. एकविसाव्या शतकात तोच शब्द मोबाइलच्या टॉवरवरील रेडिओ यंत्रणा, प्रकाशतंतूवरील प्रेषण साधने आणि दूरध्वनी जाळ्याचे नियंत्रण करणारे सॉफ्टवेअर यांच्याशी जोडला जात आहे. कापडाच्या बाबतीत स्वदेशी म्हणजे काय हे सांगणे तुलनेने सोपे होते. सूत कोठे कातले आणि कापड कोठे विणले, एवढे पाहिले की पुरे होत असे. दूरसंचार साधनाच्या बाबतीत मात्र पेटी एका देशात जुळवलेली, चिप दुसऱ्या देशात घडवलेली, सॉफ्टवेअर तिसऱ्या देशात लिहिलेले आणि पेटंटचा हक्क चौथ्याच देशात असे चित्र नेहमीचे आहे. अशा वस्तूला स्वदेशी केव्हा म्हणावे, हा प्रश्न शब्दार्थापुरता उरत नाही. सार्वजनिक पैसा कोणाला द्यायचा, याचा निर्णय त्यावर अवलंबून असतो.

या प्रश्नाचा विचार सामान्यतः दिल्ली, बंगळूर किंवा नोएडा यांच्या संदर्भात होतो. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील डोंगराळ तालुक्यांचा उल्लेख त्यात क्वचितच येतो. वास्तविक स्वदेशी दूरसंचार तंत्राचे दोन महत्त्वाचे प्रयोग जुन्नर तालुक्यातच झाले आहेत. शेजारच्या आंबेगाव तालुक्याने तर दळणवळण कशासाठी हवे असते याची अत्यंत कठोर आठवण देशाला करून दिली आहे.

कायदा, आदेश आणि योजना

प्रथम धोरणाची चौकट पाहणे आवश्यक आहे. भारतीय तार अधिनियम १८८५ चा आणि भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम १९३३ चा. हे दोन्ही कायदे वसाहतकालीन असून त्यांचा हेतू नियंत्रणाचा होता. साधने कोणी बनवावीत याविषयी त्यांना काही म्हणावयाचे नव्हते. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये बंगळूरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजची स्थापना झाली आणि निर्मितीची जबाबदारी राज्यसंस्थेने स्वतःकडे घेतली. पुढे १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सहभागी झाला आणि त्या कराराच्या कक्षेतील साधनांवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आणण्याचे बंधन त्याने स्वीकारले. मोबाइल सेवेचा विस्तार याच काळात झाल्याने जाळे वेगाने पसरले, पण त्यातील साधने प्रामुख्याने परदेशी राहिली.

शुल्काची भिंत उभारण्याचा मार्ग असा अरुंद झाल्यावर शासनाला दुसरे मार्ग शोधावे लागले. २०१२ मध्ये देशी इलेक्ट्रॉनिक वस्तूंना शासकीय खरेदीत प्राधान्य देणारी अधिसूचना निघाली. २०१७ मध्ये 'मेक इन इंडिया'ला प्राधान्य देणारा सार्वजनिक खरेदी आदेश आला. २०२० च्या सुधारणेनुसार ५० टक्के वा अधिक स्थानिक मूल्य असलेला पुरवठादार पहिल्या वर्गात आणि २० टक्क्यांहून अधिक पण ५० टक्क्यांहून कमी मूल्य असलेला दुसऱ्या वर्गात गणला जाऊ लागला. फेब्रुवारी २०२१ मध्ये दूरसंचार साधनांसाठी १२,१९५ कोटी रुपयांची उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना मंजूर झाली. २०१९–२० हे आधारवर्ष धरून वाढीव विक्रीवर ४ ते ७ टक्के प्रोत्साहन देण्याची तिची रचना होती. देशात रचना झालेल्या वस्तूंसाठी अतिरिक्त १ टक्का देण्याची तरतूद २०२२ मध्ये करण्यात आली.

डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने दूरसंचार अधिनियम संमत केला. वसाहतकालीन कायद्यांची जागा घेण्यासाठी आलेल्या या अधिनियमात साधनांची मानके, राष्ट्रीय सुरक्षेसाठी केवळ विश्वसनीय स्रोतांकडून खरेदी, आणि 'डिजिटल भारत निधी' या नव्या नावाने ओळखला जाणारा सार्वत्रिक सेवेचा निधी यांविषयी तरतुदी आहेत. दुर्गम भागातील सेवेबरोबरच संशोधन, विकास आणि पथदर्शी प्रकल्प यांसाठीही हा निधी वापरता येईल, असे अधिनियम सांगतो. येथे एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. देशी निर्मितीला प्रत्यक्ष प्रोत्साहन देणाऱ्या बहुतेक तरतुदी कायद्यात नसून कार्यकारी आदेशांत व मुदतबंद योजनांत आहेत. कायद्याने केवळ दार उघडे ठेवले आहे. आत काय येणार हे वेळोवेळीच्या आदेशांवर सोपवले आहे.

खडकी–दौंड ते आर्वी

१९२७ मध्ये भारत आणि इंग्लंड यांच्या दरम्यान 'बीम' बिनतारी सेवा सुरू झाली. तिचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकी येथे आणि ग्रहण केंद्र दौंड येथे होते. तंत्र मार्कोनी पद्धतीचे होते आणि निर्णय साम्राज्याच्या सोयीचे होते. पुणे जिल्ह्याचे योगदान जागेपुरते मर्यादित राहिले.

यानंतर चार दशकांनी नारायणगावजवळ आर्वी येथे देशाचे पहिले व्यापारी उपग्रह भू-केंद्र उभे राहिले. १९७१ मध्ये कार्यान्वित झालेल्या या केंद्रातून हिंदी महासागरावरील इन्टेलसॅट उपग्रहामार्फत परदेशी संभाषणे होऊ लागली. विक्रम साराभाई त्या वेळी अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते. संपूर्ण केंद्र तयार स्थितीत विकत घेण्याऐवजी भारतीय अभियंत्यांनीच त्याची उभारणी करावी असा त्यांचा आग्रह होता. १९६७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने अहमदाबाद येथे प्रायोगिक भू-केंद्र स्थापन झाले होते आणि तेथे प्रशिक्षित मनुष्यबळ तयार होत होते. या मनुष्यबळाच्या भरवशावर आर्वीचे धाडस शक्य झाले. सुमारे ३० मीटर व्यासाच्या तबकडीची बांधणी देशात झाली, तर इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतील काही भाग आयात करावा लागला. डिसेंबर १९७१ मध्ये साराभाईंचे निधन झाले आणि या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

आजच्या खरेदी आदेशाच्या टक्केवारीत आर्वी कदाचित दुसऱ्या वर्गात बसले असते. तथापि त्याचे मोल टक्केवारीत नव्हते. काय आयात करायचे आणि काय आपण करायचे, हे ठरविण्याचा अधिकार प्रथमच येथील अभियंत्यांकडे आला, हे त्याचे खरे महत्त्व होय. मात्र आर्वीची मर्यादाही सांगितली पाहिजे. या केंद्राभोवती साधननिर्मितीचा उद्योग उभा राहिला नाही. १९९० च्या दशकात समुद्राखालील प्रकाशतंतू तारा मुंबईच्या किनाऱ्याला लागल्या आणि आंतरराष्ट्रीय संभाषणांचा ओघ तिकडे वळला. हाती आलेले ज्ञान पुढच्या तंत्राकडे वळविण्याची व्यवस्था नसेल, तर एक यशस्वी प्रकल्प केवळ स्मारक होऊन राहतो, हा आर्वीचा धडा आहे.

खोडदचा प्रयोग

आर्वीपासून फार दूर नसलेल्या खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात आणि उरलेल्या १६ इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकाराच्या तीन बाहूंवर आहेत. टोकांमधील कमाल अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. ऑक्टोबर २००१ मध्ये ही दुर्बीण राष्ट्राला अर्पण करण्यात आली.

रेडिओ दुर्बीण हे संदेशवहनाचे साधन नव्हे, हे खरे. परंतु अँटेना, अतिसंवेदनशील ग्राहक यंत्रणा, प्रकाशतंतूवरून संकेत वाहून नेण्याची व्यवस्था आणि संकेतांवरील अंकीय प्रक्रिया ही तिची चार अंगे दूरसंचाराचीच अंगे आहेत. म्हणून या प्रयोगाची दखल प्रस्तुत विषयात घेणे सयुक्तिक ठरते.

खोडदच्या तबकडीचे वैशिष्ट्य तिच्या जाळीत आहे. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरीव पत्र्याऐवजी बारीक पोलादी तारांची जाळी दोरखंडांच्या आधाराने ताणून परावर्तक पृष्ठभाग तयार करण्याची कल्पना राबविली. मीटर लांबीच्या तरंगांना एवढी जाळी पुरेशी असते. शिवाय वारा जाळीतून निघून जातो, त्यामुळे सांगाड्यावरील भार घटतो, पोलाद कमी लागते आणि खर्च आटोक्यात राहतो. मर्यादित निधी, उष्ण हवामान आणि देशात उपलब्ध असलेले कारागिरीचे कौशल्य या तिन्हींचा विचार रचनेत मुळापासून होता. परदेशी नमुन्याची स्वस्त प्रत काढण्याचा मार्ग येथे स्वीकारला गेला नाही.

ही क्षमता एकाएकी आली नाही. १९६५ मध्ये कल्याण येथे याच गटाने ऑस्ट्रेलियाकडून भेट मिळालेल्या ३२ छोट्या तबकड्यांची पहिली मांडणी केली होती. १९७० मध्ये उटी येथे ५३० मीटर लांबीची दुर्बीण स्वतःच्या रचनेने पूर्ण झाली. भेटीदाखल आलेल्या तबकड्यांपासून स्वतःच्या रचनेच्या ३० तबकड्यांपर्यंतचा हा प्रवास तीन दशकांचा आहे. या काळात गट टिकला, संस्था टिकली आणि एका प्रकल्पाचा अनुभव दुसऱ्याला मिळत गेला. आर्वीला जे लाभले नाही ते सातत्य खोडदला लाभले. पुढे दुर्बिणीचे श्रेणीवर्धन झाले तेव्हाही आयात केलेल्या चिप वापरण्यात संकोच बाळगला गेला नाही. यंत्रणेची एकूण रचना मात्र आपल्या हाती ठेवण्यात आली.

ग्रामीण टेलिफोन केंद्राची साक्ष

खोडद हा विज्ञानाचा अपवाद आहे, बाजारपेठेच्या वस्तूंना तो नियम लागू होत नाही, असा आक्षेप येऊ शकतो. त्याला उत्तर म्हणून सी-डॉटचा दाखला देता येतो. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या शासकीय संस्थेने ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये अशी मर्यादा घालून घेऊन देशी टेलिफोन केंद्राची रचना हाती घेतली. तिचे १२८ जोडण्यांचे ग्रामीण केंद्र १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे बसविण्यात आले. वातानुकूलनाविना, धूळ आणि उष्णता सोसून चालणे ही त्याची मूळ अट होती. या रचनेचे तंत्र अनेक उत्पादकांना देण्यात आले आणि शासकीय दूरसंचार विभाग हा खात्रीचा ग्राहक होता. गरज इथली, रचना इथली, निर्मिती अनेकांची आणि खरेदी शासनाची अशी ही साखळी होती. मोबाइल युग आले तेव्हा ही साखळी तुटली, कारण नव्या तंत्राची देशी रचना वेळेवर तयार नव्हती.

धोरणाची चिकित्सा

वरील अनुभवांतून चार निकष निघतात : नेमकी व अवघड गरज, जोखीम पत्करणारा सार्वजनिक ग्राहक, दीर्घकाळ टिकणारा रचनाकारांचा गट, आणि आयातीविषयीचा प्रामाणिकपणा. या निकषांवर आजचे धोरण तपासता येते.

पहिली बाब मोजमापाची. प्रोत्साहन योजना विक्री मोजते आणि खरेदी आदेश मूल्याची टक्केवारी मोजतो. विक्री वाढली म्हणजे क्षमता वाढली असे मानले जाते. सुटे भाग आणून जुळणी करणारा कारखानाही विक्री वाढवू शकतो आणि रोजगारही देऊ शकतो. हा रोजगार कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु जुळणी करणाऱ्याला उद्याचे साधन कसे असेल हे ठरविता येत नाही. मूळ योजनेला ही उणीव जाणवली म्हणून २०२२ ची सुधारणा आली. तथापि जिथे उत्पादनाला ४ ते ७ टक्के, तिथे रचनेला अतिरिक्त १ टक्का, हे प्रमाण धोरणाचा कल स्पष्ट करते.

दुसरी बाब काळाची. योजना काही वर्षांची असते. रचनाकारांचा गट घडण्यास दशके लागतात, हे कल्याण ते खोडद या प्रवासातून दिसले. या दृष्टीने डिजिटल भारत निधीतील संशोधनाची तरतूद ही नव्या कायद्यातील सर्वांत आश्वासक बाब होय, कारण ती कायद्यात असल्याने एखाद्या योजनेच्या मुदतीबरोबर संपत नाही. मात्र किती भाग संशोधनाला आणि किती सेवेला, याची वाटणी कायद्याने निश्चित केलेली नाही.

तिसरी बाब ग्राहकाची. या संदर्भात भारत संचार निगमच्या ४-जी जाळ्याचे उदाहरण अभ्यसनीय आहे. सी-डॉटची केंद्रीय यंत्रणा, तेजस नेटवर्क्सची रेडिओ साधने आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची जुळवणी यांतून उभे राहिलेले हे जाळे सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आले. सार्वजनिक ग्राहकाने थांबण्याची तयारी दाखवली म्हणून देशी रचना प्रत्यक्षात आली. पण याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. खासगी कंपन्यांची ४-जी सेवा देशभर पसरल्यानंतर कित्येक वर्षे निगमचे ग्राहक जुन्या सेवेवर राहिले. स्वदेशीची किंमत त्यांनी चुकवली. ती किंमत योग्य होती की नाही याचा निर्णय करताना, ती कोणी चुकवली हे विसरता कामा नये.

चौथी बाब आंतरराष्ट्रीय बंधनांची. एप्रिल २०२३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या तंटा मंडळांनी भारताची माहिती-तंत्रज्ञान वस्तूंवरील काही शुल्के त्याच्या बंधनांशी विसंगत ठरविली. शुल्काचा आधार असा अनिश्चित असताना रचनाक्षमता हाच टिकाऊ आधार उरतो.

शांततेची किंमत आणि माळीण

जुन्नर–आंबेगावच्या भूमीवरून पाहिले असता आणखी एक प्रश्न समोर येतो, आणि तो अधिक अस्वस्थ करणारा आहे. खोडदची निवड तेथील रेडिओ शांततेमुळे झाली. ती शांतता टिकावी म्हणून परिसरातील विद्युतचुंबकीय गोंगाट करणाऱ्या उद्योगांवर आणि प्रक्षेपकांवर निर्बंध आले. पुणे–नाशिक रेल्वेच्या मूळ आखणीवरही अलीकडच्या वर्षांत याच कारणाने आक्षेप आला आणि स्थानिक जनतेत नाराजी निर्माण झाली. नारायणगावचा टोमॅटो आणि मंचरचा कांदा ज्यांच्या उपजीविकेचा आधार आहे, त्यांना ही शांतता परवडते की नाही, हे त्यांना कधी सविस्तर विचारले गेले नाही. स्वदेशी तंत्राचे अभिमानस्थळ आणि त्याचा भार वाहणारा समाज एकाच तालुक्यात असले, तरी धोरणाच्या भाषेत त्यांची भेट होत नाही.

आंबेगावच्या पश्चिमेला तर चित्र याहून वेगळे आहे. ३० जुलै २०१४ च्या पहाटे माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गाव जागेवर नाही, हे प्रथम ध्यानात आले ते त्या मार्गावरील एस.टी.च्या चालकाच्या. पूर्वेकडे अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेला क्षीण तरंग टिपणारी यंत्रणा आणि पश्चिमेकडे शेजारच्या गावाचा आक्रोश ऐकू न येणारी व्यवस्था, हे अंतर फार मोठे नाही. यात दुर्बिणीचा दोष काहीच नाही. दोष आहे तो गरजांच्या क्रमवारीचा. डोंगरउतारावरील वाडीत पावसाळ्यात वीज नसताना चालेल, थोड्या खर्चात दुरुस्त होईल आणि धोक्याचा इशारा देईल असे साधन ही तितकीच नेमकी व अवघड गरज आहे, जितकी कित्तूरच्या केंद्राची होती. देशी रचनेला आव्हान द्यायचे तर ते येथून देता येते. डिजिटल भारत निधीचे दोन हेतू, दुर्गम भागातील सेवा आणि देशी संशोधन, कायद्यात शेजारी शेजारी लिहिलेले आहेत. ते एकाच प्रकल्पात एकत्र आणण्याची कल्पना मात्र धोरणात ठळकपणे दिसत नाही.

आक्षेप आणि मर्यादा

या विवेचनावर एक आक्षेप रास्त आहे. खोडदला ३० तबकड्या लागल्या. मोबाइलच्या जाळ्याला लक्षावधी साधने लागतात. संशोधन संस्थेची कार्यपद्धती कारखान्याला लागू पडत नाही आणि मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाशिवाय किंमत उतरत नाही. प्रोत्साहन योजना नेमका हाच प्रश्न हाताळते, हे मान्य केले पाहिजे. म्हणून ती अनाठायी आहे असा निष्कर्ष काढता येणार नाही. ती अपुरी आहे, एवढेच म्हणता येते. रचना असूनही उत्पादन नसेल तर आर्वी होते. उत्पादन असूनही रचना नसेल तर ते दुसऱ्याच्या नकाशावरचे काम ठरते. धोरणाने दोन्ही बाजू पेलल्या पाहिजेत.

समारोप

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, खोडदला विद्यार्थ्यांची रीघ लागते. शाळा-महाविद्यालयांतील मुले आपली उपकरणे घेऊन येतात आणि तबकड्यांकडे पाहून परततात. या मुलांना उद्या कोणते काम मिळेल, यावर स्वदेशी धोरणाचे यशापयश ठरेल. त्यांपैकी काहींना जुळणीच्या कारखान्यात काम मिळाले तर योजना चालली असे म्हणता येईल. काहींना माळीणच्या डोंगरावर चालेल असे साधन रचण्याचे काम मिळाले आणि ते साधन विकत घेण्याची हमी शासनाने दिली, तर धोरण सफल झाले असे म्हणावे लागेल.

१९२७ च्या खडकी–दौंडमध्ये जिल्ह्याची केवळ जागा होती. १९७१ च्या आर्वीत निर्णयाचा काही भाग इथला होता आणि खोडदमध्ये रचनाच इथली झाली. दूरसंचार अधिनियमाने पुढच्या पायरीची शक्यता निर्माण केली आहे. ती पायरी म्हणजे गरजही इथली मानण्याची. टक्केवारीचे तक्ते भरून ती चढता येणार नाही. त्यासाठी निधीचा निश्चित भाग, दीर्घ मुदत आणि पहिली खरेदी करण्याचे धैर्य या तीन गोष्टी कायद्याच्या व नियमांच्या भाषेत याव्या लागतील.